जोडीनं छोट्या होडीतून लांबचा जलप्रवास: सांगली-साताऱ्याहून निघणाऱ्यांनी तयारी कोणत्या क्रमानं करावी

घाटावरच्या माणसाला पाणी माहीत असतं ते धरणाचं, कालव्याचं आणि पुराचं. ते एकाच दिशेनं वाहतं किंवा जागच्या जागी उभं राहतं. दिवसातून दोनदा उलटं फिरणारं पाणी आपल्याकडं नाही. म्हणून खाडीतून किंवा केरळच्या कायलांतून, म्हणजे समुद्राला जोडलेल्या लांबट सरोवरांतून, होडीनं फिरायचं ठरवलेली इकडची जोडपी तयारीचा क्रमच उलटा लावतात. आधी ऑनलाइन बोट मागवतात, मग रजा टाकतात, मग नकाशावर किलोमीटर मोजतात. भरती-ओहोटीचा विचार सुरू होतो तो होडी चिखलात टेकल्यावर.

हा लेख दोघांनी वल्ही मारत करायच्या प्रवासासाठी आहे. रात्री जमिनीवर काढायच्या, दिवसा पाण्यावर राहायचं. आधी घराजवळ सराव, मग कोकणातल्या खाडीत दोन-तीन दिवस आणि ते जमलं तर कोल्लमपासून उत्तरेला केरळच्या जलमार्गानं दोन आठवडे. मधली पायरी गाळून थेट केरळ गाठू नका.

टप्पा १: आधी हंगाम, मग तिथी, मग रजा

जून ते सप्टेंबर हा विषयच काढायचा नाही. कोकणात १ जूनपासून मासेमारी बंदी असते, समुद्र खवळलेला असतो, खाड्यांना डोंगराचं पाणी येतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आपल्याकडं आभाळ मोकळं झालेलं असलं तरी केरळात ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो आणि दुपारनंतर विजा कडाडतात. मार्चनंतर ऊन सोसत नाही. एप्रिल-मेमध्ये केरळच्या किनाऱ्यावर वारा नसतानाही दूरवरून आलेल्या लाटा अचानक घुसतात. तिकडचे मच्छीमार त्याला कल्लक्कडल म्हणतात.

म्हणजे कोकणच्या खाडीसाठी डिसेंबर-जानेवारी आणि केरळसाठी जानेवारी ते फेब्रुवारीचा मध्य. एवढीच खिडकी धरा.

महिना ठरला की कॅलेंडरवरची तिथी बघा. रविवार कधी आहे, हा त्यानंतरचा प्रश्न. कारण टप्पा ४ मध्ये येईल. ऑफिसात रजेचा अर्ज सर्वांत शेवटी द्यायचा.

टप्पा २: होडी कोणती, आणि तिच्यात काय

माझं स्पष्ट मत: पहिल्या लांबच्या प्रवासाला इंजिन नको. इंजिन लावलं की २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याप्रमाणं नोंदणी, तपासणी, विमा हे सगळं मागं लागतं. शिवाय पेट्रोल सांभाळा, पंख्यात अडकलेलं जाळं सोडवा, खाऱ्या पाण्यानंतर गोड्या पाण्यानं इंजिन धुवा. त्यापेक्षा दोन माणसांची कायाक, म्हणजे वल्ह्यांनी चालवायची अरुंद होडी, बरी.

कायाक कडक फायबरची की हवा भरायची? मोटारीच्या टपावर न्यायची असेल तर कडक. मिरजेहून रेल्वेनं केरळात न्यायची असेल तर हवेची, कारण ती गुंडाळून पिशवीत बसते. स्लीपर आणि थ्री-टायर एसीत माणशी ४० किलो सामान फुकट नेता येतं, त्यामुळं दोघांत वजनाची अडचण येत नाही. अडचण आकाराची येते. पिशवी फार मोठी झाली तर ब्रेकव्हॅनला टाकावी लागते. घेण्याआधी घडी केल्यावरचं माप विचारा.

हवेच्या कायाकची एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. सकाळी सातला गारव्यात टणक भरलेली होडी अकराला काठावर उन्हात ओढून ठेवली की आतली हवा फुगते आणि शिवण उसवते. पाण्यात असताना खालून गार राहते म्हणून काही होत नाही. उन्हात बाहेर काढली की लगेच प्रत्येक कप्प्यातून थोडी हवा सोडायची आणि परत पाण्यात घालताना पंप मारायचा. जेवायला बसण्याआधी हे करायचं, जेवण झाल्यावर नाही.

सामानात या गोष्टींवर तडजोड नको:

- दोघांना अंगावर घट्ट बसणारी लाइफ जॅकेटं. घालून, पट्टे आवळून, दुसऱ्यानं खांद्यापाशी धरून वर ओढायचं. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते मोठं आहे.
- प्रत्येकाच्या जॅकेटला शिट्टी बांधलेली.
- एक जादा वल्हं.
- पाणी आत येणार नाही अशा गुंडाळायच्या पिशव्या. एकच मोठी घेण्यापेक्षा चार-पाच लहान घ्या.
- पंक्चरचं सामान, जादा व्हॉल्व्ह, पंप.
- पंधरा मीटर तरंगणारी दोरी.
- माणशी दिवसाला चार लिटर पिण्याचं पाणी. खाडीचं पाणी उकळलं तरी खारटच राहतं.

खाण्याच्या बाबतीत आपल्या भागाला बाहेरून काही आणायची गरज नाही. तासगावचे बेदाणे, शेंगदाण्याचे लाडू, धपाटे, कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी. भडंग मात्र संध्याकाळी काठावर बसून खा. होडीत दुपारी खाल्लं तर तहान वाढते, आणि वाऱ्यानं निम्मं माशांना जातं.

वजन लावताना जड माणूस मागं, पाण्याच्या बाटल्या मध्ये तळाशी, कपडे पुढं. पुढचं टोक किंचित वर राहिलं पाहिजे.

*सावध:* सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परदेशातल्या नातेवाइकानं आणून दिलं असेल तर घरीच ठेवा. भारतात ते परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, आणि किनाऱ्यावर तपासणी होते.

टप्पा ३: घरच्या पाण्यावर सराव, तोही योग्य जागी

उलटल्यावर परत चढायचा सराव नदीत करू नका. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, डिग्रज या पट्ट्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या लोकांनी पाहिलेल्या आहेत आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. फेब्रुवारीपासून त्यांचा अंडी घालायचा काळ सुरू होतो, तेव्हा काठाजवळ जाणं आणखी वाईट. पाण्यात पडायचा सराव जलतरण तलावात करायचा. व्यवस्थापकाला आधी विचारा, सकाळच्या रिकाम्या वेळेत बहुतेक जण हो म्हणतात.

तलावात हे जमलं पाहिजे: मुद्दाम उलटणं, होडी सरळ करणं, एकानं समोरून होडीची कड दाबून धरणं, दुसऱ्यानं पाय मागं पसरून पोटावर आडवं सरकत आत येणं, मग आतल्यानं बाहेरच्याला जॅकेटच्या खांद्याला धरून ओढणं. दोघांनी दोन्ही बाजूंनी करायचं. "मला पोहता येतं, मी बाहेर थांबतो, तू चढ" हे ठीक आहे, पण बाहेर थांबणाऱ्याला एकट्यानं चढता आलं पाहिजे. बहुतेक नवरे इथं नापास होतात, कारण वजन.

*तपासा:* दोघंही दोन मिनिटांच्या आत होडीत परत? लागोपाठ तीन वेळा? नसेल तर पुढचा टप्पा नाही.

यानंतर मोठं, संथ पाणी. वाईजवळच्या धोमला किंवा कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा-बामणोलीला स्थानिक बोटवाल्यांना विचारून, त्यांच्या नजरेच्या टप्प्यात सराव करा. शिवसागरावर दोन गोष्टी पाळायच्या. अभयारण्याच्या बाजूच्या काठावर वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरायचं नाही, आणि धरणाच्या भिंतीकडं अजिबात सरकायचं नाही. पाणी उतरत गेलं की बुडालेल्या झाडांची खोडं वर येतात. हवेच्या होडीला ती चाकूसारखी लागतात.

इथं तीन सराव करायचे: सलग दोन तास वल्हवणं, आडव्या वाऱ्यात सरळ जाणं, आणि बोलणं. हो, बोलणंही. पुढच्याला मागं दिसत नाही, मागच्याला पुढचं खोड दिसत नाही. शब्द आधी ठरवून घ्या: डावं, उजवं, थांब, मागं. एवढे चारच. पुढं बसलेल्या बाईसाहेब "अहो, तिकडं नको, त्या ह्याच्याकडनं घ्या ना" म्हणेपर्यंत होडी त्या ह्याच्यावर चढलेली असते. दिशा पुढच्यानं सांगायची, वळवायचं मागच्यानं. आणि एक नियम पक्का: दोघांपैकी कोणीही "आज नको" म्हटलं की तो दिवस संपला. कारण विचारायचं नाही, रात्री जेवताना टोमणा मारायचा नाही. हा नियम मोडणारी जोडपी दुसऱ्या प्रवासाला एकत्र निघत नाहीत.

मग कृष्णेतूनच का जाऊ नये, असं विचारणारे बरेच भेटतात. मगरी सोडल्या तरी नदीवर जागोजागी बंधारे आहेत. बरगे घातले की मागं पाणी तुंबतं, पुढं खडक उघडे पडतात. प्रत्येक बंधाऱ्याला होडी डोक्यावर घेऊन चालावं लागतं. बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्याच्या पायथ्याशी भोवरा गरगरतो. त्यात सापडलेली होडी सुटत नाही. सांगलीत आयर्विन पुलाखालून एखादी संध्याकाळ रमत काढायला नदी छान, लांबच्या प्रवासाला नाही.

टप्पा ४: भरती-ओहोटीचं गणित

सगळ्यांत जास्त चुका इथं होतात, म्हणून इथं जरा थांबू.

कोकण किनाऱ्यावर दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. एका पूर्ण भरतीपासून पुढच्या पूर्ण भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणून रोज वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढं सरकते. काल सकाळी आठला जेटीला पाणी होतं, आज आठला तिथं पाणी कमी असणार.

किनाऱ्यावरची माणसं घड्याळाआधी तिथी बघतात. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हाच हिशेब. त्यात सहा तास मिळवले की ओहोटीचा तळ, म्हणजे सुकती. हा हिशेब अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी भरती उशिरा पोचते. नेमकी वेळ हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेच्या तक्त्यावरून घ्या. पण तक्ता वाचताना तारीख चुकली तर पाऊणपटीनं ती चूक लगेच पकडता येते, म्हणून दोन्ही करा.

वेळेइतकाच जोर महत्त्वाचा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास आणि नंतर एक-दोन दिवस उधाण: पाणी खूप चढतं, खूप उतरतं, ओढ जोरदार. अष्टमीच्या आसपास भांग: फरक कमी, ओढ मंद.

आणि सहा तासांत पाणी एकसारखं चढत नाही. एकूण फरकाचे बारा भाग धरा. पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी सरकतं. एरवी तुमचा वेग तासाला चार-पाच किलोमीटर. या दोन तासांत प्रवाहाविरुद्ध वल्हवलं तर घाम गळतो आणि काठावरचा माड जागचा हलत नाही.

आता वारा. शाळेत भूगोलात पाठ केलेले खारे वारे आणि मतलई वारे इथं प्रत्यक्ष अंगावर येतात. पहाटे जमिनीकडून समुद्राकडं मंद मतलई. अकरा-बारानंतर समुद्राकडून खारा वारा, तो संध्याकाळपर्यंत वाढत जातो. वारा आणि प्रवाह एकाच दिशेनं असले तर पाणी सपाट राहतं. समोरासमोर आले तर आखूड, उभ्या लाटा उठतात आणि होडीत पाणी येतं.

या सगळ्यातून पहिल्या खेपेचा नियम निघतो: चढत्या पाण्यावर, खाडीच्या तोंडाकडून आत जा. कारण साधं आहे. भरतीत होडी गाळात टेकली तर दहा-पंधरा मिनिटं बसा, पाणीच उचलून देतं. ओहोटीत टेकली तर पुढची भरती येईपर्यंत तिथंच. वर दुपारचा खारा वाराही पाठीशी येतो.

*उदाहरण:* पंचमी. पाऊणपट पावणेचार. सुकती पावणेदहाच्या सुमारास. दहाला निघा, पाणी पावणेचारपर्यंत, आतल्या भागात त्याहून थोडं जास्त वेळ, तुम्हाला आत ढकलतं. पंचमी-षष्ठीला उधाणाचा जोर ओसरलेला असतो आणि निघायची वेळही सोयीची येते. सप्तमीला तळच अकराच्या पुढं जातो, मग सगळा प्रवास उन्हात.

*तपासा:* दोघांनीही वेगवेगळ्या कागदावर त्या दिवसाचा तळ, भरती आणि निघायची वेळ काढा. आकडे जुळले तरच पुढं.

टप्पा ५: कुणाला कळवायचं

कोकणात महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आणि सागरी पोलीस ठाण्यात आधी जाऊन सांगा. दोघांची आधार कार्डं, होडीचा फोटो, रंग, कुठून कुठं, किती दिवस. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर किनाऱ्यावर अनोळखी होडी दिसली की चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. आधी सांगितलेलं असेल तर पाच मिनिटांत सुटका. बंदर कार्यालयात आणखी एक काम होतं: गाळ कुठं साचलाय, फेरीबोट कुठून वळते, हे तिथला शिपाईसुद्धा नकाशापेक्षा बरं सांगतो.

घरी एका माणसाकडं कागद ठेवा. व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तिथं सगळ्यांनी वाचलेलं असतं आणि जबाबदार कोणीच नसतं. कागदावर: रोज कुठं मुक्काम, किती वाजेपर्यंत फोन येणार, न आल्यास कुणाला फोन करायचा. तटरक्षक दल १५५४, सागरी पोलीस १०९३, बाकी ११२. संध्याकाळी सातची वेळ दिली असेल तर पावणेसातलाच फोन करा. एकदा विसरलात तर मेव्हणा खरंच १५५४ ला फोन करील, आणि त्यानं करावाच.

टप्पा ६: खाडीतले पहिले दिवस

साताऱ्या-सांगलीकडून कराड, पाटण, कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथून दाभोळ. वाशिष्ठीची खाडी इकडच्यांना जवळची आणि पहिल्या प्रयत्नाला पुरेशी लांब. कोयनेचं पाणी वीज तयार करून झाल्यावर याच वाशिष्ठीत सोडलं जातं, त्यामुळं चिपळूणच्या बाजूला पाऊस नसतानाही नदीची पातळी बदलते. आतल्या टोकाला भरतीचं गणित थोडं चुकलं तर दचकू नका.

क्रम असा:

१. आदल्या दिवशी सुकतीच्या वेळी जेटीवर जाऊन नुसतं बघा. कुठं वाळूचा दांडा वर येतो, कुठं जाळ्यांचे खुंट आहेत, चिखल किती लांब पसरतो. मोबाइलवर फोटो काढून ठेवा. भरतीत हे सगळं पाण्याखाली गेलेलं असेल.

२. खाडीच्या तोंडाशी अंजनवेल-वेलदूरच्या बाजूला फिरायला जाऊ नका. तिथं मोठी जहाजं येतात आणि तोंडावर लाट फुटते. दाभोळ-धोपावे फेरीबोटीच्या वाटेपासून आत, पूर्वेकडून सुरुवात करा.

३. उतरायच्या जागा आधी ठरवा: जिथं पायऱ्या किंवा दगडी धक्का आहे, अशाच. कांदळवनात आणि खाजणात उतरायचं नाही.

४. रोज चार तास वल्हवणं, ताशी चार किलोमीटर, एवढाच हिशेब धरा. पंधरा किलोमीटर पुष्कळ झाले. दुसऱ्या दिवशी खांदे बोलतात.

५. चिपळूण गाठायचा हट्ट नको. मालदोली-गोवळकोट भागात मगरी आहेत. पर्यटकांना त्या दाखवायच्या बोटीही चालतात. त्याच्या अलीकडंच कुठल्यातरी धक्क्याला प्रवास संपवा, आणि पुढचं बघायचंच असेल तर त्या मोठ्या बोटीत बसून बघा.

*चिखलात पाय रुतला तर:* ओढून काढायला जाल तर दुसराही रुततो. पुढं झुका, वल्हं आडवं टाकून त्यावर भार द्या, गुडघ्यावर या आणि रांगत होडीकडं सरका. सैल चपला चिखल खातो. मागून पट्टा असलेल्याच सँडल घाला. अनवाणी कधीच नको, कालवांच्या शिंपा तळपाय कापतात.

*पाकट किंवा शिंगाळा माशाचा काटा लागला तर:* सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवा, अर्धा ते दीड तास. वेदना उतरते. काटा आत राहिला असेल तर ओढू नका, डॉक्टर गाठा.

रात्री होडी कुठं ठेवायची, यात हमखास चूक होते. काठावर सुकलेली पानं, प्लास्टिक, फेस यांची एक रेघ असते. ती आदल्या भरतीची खूण. होडी त्या रेघेच्या वर ठेवून लोक निवांत झोपतात. पंचमी ते अष्टमी हे चालतं, कारण भरती रोज उतरत असते. एकादशीनंतर भरती रोज चढत जाते, आजचं पाणी कालच्या रेघेवरून जातं. तेव्हा रेघेपासून चांगलं उंच ओढा आणि तरीही माडाला बांधा. जेटीला तरंगती बांधली तर दोरीला पातळीच्या फरकाच्या तिप्पट लांबी द्या. भरतीत आखूड बांधलेली होडी सुकतीला जेटीवर एका टोकानं लटकलेली सापडते, आणि सामान खाली चिखलात.

*तपासा:* खाडीतले दिवस झाल्यावर घरी या. आठवडाभरानं दोघांनी वेगवेगळं ठरवा, पुढं जायचं का. दोन्ही चिठ्ठ्यांवर हो असेल तरच रेल्वेचं तिकीट.

टप्पा ७: कोल्लम ते तण्णीरमुक्कम

कोल्लम ते कोट्टप्पुरम हा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ चा १६८ किलोमीटरचा, १९९३ मध्ये जाहीर झालेला भाग. सगळा करायची गरज नाही. कोल्लम ते आलप्पुळा, मग वेंबनाड कायलाच्या पश्चिम काठानं तण्णीरमुक्कम, इथवरच या. पुढं कोचीकडं मोठ्या जहाजांचा आणि नौदलाचा भाग येतो, तिथं कायाकचं काम नाही.

कोल्लम-आलप्पुळा हे अंतर मोटरबोटीनंही आठेक तासांचं. तुम्ही सहा-सात दिवस धरा, मधे एक रिकामा. इथं भरतीचा फरक कोकणापेक्षा बराच कमी, मीटरभराच्या आत. म्हणून माणसं गाफील होतात. समुद्राच्या तोंडापाशी ओढ असतेच: अष्टमुडी कायलाचं नींडकराकडचं तोंड आणि कायमकुळम कायलाचं अळीक्कलकडचं तोंड, या दोन्हींपासून लांब, पूर्वेच्या बाजूनं जा. तिथीची पाऊणपट इथं चालवू नका, कोचीचा तक्ता वापरा.

अष्टमुडी रुंद आहे, म्हणून पहाटे निघून मनरो बेटाच्या कालव्यांत शिरा. तिथले पूल इतके खाली असतात की पुढच्यानं "डोकं!" म्हणून ओरडायलाच हवं, चार शब्दांत हा पाचवा घाला. पुढं कायमकुळम कायलात खुंटांना बांधलेली जाळी आणि चिनी जाळी. दोन खुंटांच्या मधून जायचं नाही, बाहेरून वळसा.

तृक्कुन्नप्पुळाला जलपाश लागतो: दोन दरवाजांमधल्या हौदात होडी घ्यायची आणि पाण्याची पातळी बदलेपर्यंत थांबायचं. इथं दोरी भिंतीला बांधू नका, हातात धरा. पाणी उतरलं की बांधलेली होडी एका बाजूला कलंडते. मोठी बोट सोबत असेल तर तिला आधी जाऊ द्या. त्यानंतर तोट्टप्पळ्ळीला पुराचं पाणी समुद्रात सोडायचे दरवाजे आहेत. ते बंद दिसले तरी त्या फाट्यात शिरू नका.

पळ्ळात्तुरुत्तीपासून हाउसबोटींची वर्दळ सुरू होते. त्या रात्री चालत नाहीत आणि सकाळी प्रवाशांचा नाश्ता होईपर्यंत निवांत असतात. म्हणून तुम्ही उजाडल्याबरोबर निघा आणि नऊपर्यंत उरका. त्यांच्या लाटा आल्या की होडीचं टोक लाटेकडं वळवायचं, कड कधीच द्यायची नाही.

वेंबनाडमध्ये मधून ओलांडायचा मोह होतो, कारण समोर कुमरकोम दिसतं. नको. दुपारचा वारा पश्चिमेकडून येतो, त्यामुळं मुहम्माचा पश्चिम काठ आडोशाला राहतो आणि मधोमध लाटा उठतात. काठानंच जा, पातिरामणल बेट बघायचं असेल तर सकाळी आठच्या आत जाऊन या. कुमरकोम मुहम्माहून सरकारी बोटीनं करता येतं, तिकीट किरकोळ असतं.

तण्णीरमुक्कमचा बांध शेतात खारं पाणी शिरू नये म्हणून साधारण डिसेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत बंद असतो. दक्षिणेच्या बाजूला तेव्हा जलपर्णी दाटते. सांगलीकरांना जलपर्णी नवीन नाही, पण तिच्यातून होडी ढकलायचा प्रयत्न अर्धा तास खातो आणि दहा मीटर देतो. वळसा सापडत नसेल तर तिथंच संपवा, रस्ता जवळ आहे.

मुक्काम होमस्टेत. फोनवर खोलीआधी विचारा: पाण्याला लागून पायऱ्या आहेत का? होडी रात्री कुठं ठेवायची? वाटेत काठावर कुणाला विचारायचं असेल तर "कडवु एविडे?" म्हणजे घाट कुठं आहे, एवढं मल्याळम पुरतं. ताडीच्या दुकानात मासे अप्रतिम मिळतात. ताडी संध्याकाळी, होडी बांधल्यावर.

टप्पा ८: रोजची तब्येत

केरळच्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. पायाला जखम असेल तर झाकून, पाण्याचा स्पर्श टाळून बसा. प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा. घरी परतल्यावर पंधरवड्यात ताप, पोटऱ्या दुखणं सुरू झालं तर डॉक्टरांना "पाण्यात होतो" हे सांगायला विसरू नका, नाहीतर साधा ताप म्हणून औषध मिळतं. गोड्या, साचलेल्या पाण्यात डोकं बुडवून पोहणं टाळा. नाकातून शिरणाऱ्या अमीबाचे जीवघेणे रुग्ण केरळात सापडलेले आहेत.

ऊन वरून लागतं तसं पाण्यावरून परतूनही लागतं. हनुवटीखाली आणि कानामागं भाजतं. पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, टोपीला मागं पडदा. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय. अंघोळीआधी रोज एकमेकांचे तळहात बघा. वल्ह्याचे फोड फुटण्याआधी चिकटपट्टी लावली तर प्रवास चालू राहतो, फुटल्यावर दोन दिवस जातात.

परतीच्या गाडीत बसायच्या आदल्या दिवशी होडी गोड्या पाण्यानं धुवा, व्हॉल्व्हमधली वाळू जुन्या टूथब्रशनं काढा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. जलपर्णीचा एखादा तुकडाही घडीत राहू देऊ नका, पुढच्या वेळी तो धोमच्या पाण्यात जाईल. वाळायला वेळ नसेल तर घडी सैल ठेवून घरी पोचल्याबरोबर गच्चीवर उलगडा, उन्हात नव्हे, टाकीच्या सावलीला.